इंडक्शनच्या आठवड्यात काय करायचं: खिडकीच्या आतून

नोव्हेंबरात माझ्या खिडकीशी उभी राहणारी पोरं ऑगस्टचे प्रश्न विचारायची. "मॅडम, एटीकेटीत, म्हणजे नापास होऊनही पुढच्या वर्षाला जायला, किती विषय चालतात?" "मॅडम, हजेरी कुठं बघायची?" "मॅडम, शिष्यवृत्तीचा फॉर्म आपण भरायचा असतो का?" आवाज इतका खाली की मला काचेच्या भोकाला कान लावावा लागायचा. तीन महिने झाले आणि आपल्याला एवढंही माहीत नाही, याची लाज. हेच प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारले असते तर कुणी मान वर करूनही बघितलं नसतं.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्टुडंट सेक्शनमध्ये मी 33 वर्षं काढली, 1991 ते 2024. सांगलीकडचं कॉलेज, जत-आटपाडीपासून शिराळ्यापर्यंतची पोरं. आधी पहिला दिवस म्हणजे प्राचार्यांचं भाषण, अर्धा कप चहा, दोन पार्ले-जी आणि लगेच फिजिक्सचा तास. मग तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईने प्रथम वर्षासाठी, नव्या पोरांना कॉलेजची ओळख करून देणारा तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला, आणि 2019 मध्ये विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीनेही 'दीक्षारंभ' नावाने बाकीच्या अभ्यासक्रमांसाठी तसाच आराखडा दिला. कागदावर तीन आठवडे असले तरी आमच्याकडे खरा भरगच्च असायचा तो पहिलाच. त्या आठवड्यात तुम्हाला काहीही माहीत नसण्याची मुभा असते. ती पुरेपूर वापरून घ्या, एवढंच माझं सांगणं आहे. कशी, ते खाली.

आदल्या रात्री

कपड्यांची बॅग आई भरेल. कागदांची फाइल स्वतः भरा. वडिलांनी लावलेली फाइल मी लगेच ओळखायची, कारण पोराला त्यातला एकही कागद सापडायचा नाही आणि वडील खिडकीबाहेरून "मागच्या कप्प्यात बघ" म्हणून ओरडत असायचे.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड, कॅपचं (म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार. मूळ कागद पडताळणीला दाखवायचे आणि परत घ्यायचे. कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी, मात्र जमा होतो, म्हणून त्याच्या पाच-सहा झेरॉक्स आधीच काढा आणि एक स्कॅन मोबाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या वर्षी "मॅडम, माझ्या एलसीची झेरॉक्स द्या ना" म्हणून येणाऱ्यांसाठी मी तळघरातले किती गठ्ठे उपसले असतील, देव जाणे.

आता एक काम करा. सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि फक्त नाव वाचत जा. तुमचं, वडिलांचं, आईचं. एकावर 'व्ही', दुसऱ्यावर 'डब्ल्यू'. बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव सुरेखा आणि आधारवर सुलेखा. असं काही दिसलं तर पहिल्या आठवड्यातच खिडकीशी या. अजून परीक्षेचा फॉर्म भरलेला नसतो, रजिस्टर नवं असतं, दुरुस्तीला एक अर्ज पुरतो. डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला तुमचा खाते क्रमांक, काढताना नाव जुळलं नाही की गाडी अडते, आणि तुमचे क्रेडिट जमा व्हायचे ते याच आयडीवर. पदवीच्या प्रमाणपत्रापर्यंत गेलेली चूक निस्तरायला पुढं प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र लागतं.

बँकेचंही आताच बघा. महाडीबीटीचे, म्हणजे शासनाच्या पोर्टलवरून येणाऱ्या शिष्यवृत्तीचे, पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधार जोडलेल्या खात्यात जातात. आमच्या एका पोराचे पैसे सातवीत शाळेने उघडून दिलेल्या, गावच्या बँकेतल्या खात्यात जाऊन पडले होते, आणि तो वर्षभर मला "आले का?" विचारत होता.

आई-वडिलांना दुपारच्या गाडीने परत पाठवा

उद्घाटनाला पालक हवेतच. प्राचार्य बोलतात, विभागप्रमुखांची ओळख होते, फीचे आणि होस्टेलचे प्रश्न पालकच नीट विचारतात. शिष्यवृत्तीचं टेबल त्या दिवशी मांडलेलं असतं, तिथं पालकांना घेऊन जा. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, आणि 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून प्रवेश घेतल्यावर मिळणारी पूर्ण शिक्षण आणि परीक्षा शुल्कमाफी. यातलं आपल्याला काय लागू पडतं, कोणता कागद कमी आहे, शेवटची तारीख काय, हे तिथंच लिहून घ्या. फॉर्म दर वर्षी पुन्हा भरावा लागतो, हेही. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येते अशी समजूत करून घेतलेली पोरं मला दर वर्षी भेटली.

मग जेवून पालकांनी निघावं. वडील सोबत असले की पोरं तोंड उघडत नाहीत. शिक्षक विचारतात, "कोणती ब्रँच?" आणि उत्तर वडील देतात. रूम बघून झाली, गादी आणली, बादली आणली, आता एसटीत बसा. आईला सांगा रात्री फोन करीन, आणि खरंच करा.

हॉलमधले तास

खरं सांगते, सगळंच ऐकण्यासारखं नसतं. मानवी मूल्यांच्या तासाला दुपारी जेवणानंतर अर्धा हॉल पेंगतो, आणि पावसात ओले सॉक्स घालून बसलेल्या चारशे पोरांचा वास मला दारातूनच परत फिरवायचा. तरी परीक्षा विभागाचं आणि ग्रंथालयाचं सत्र चुकवू नका. परीक्षा विभागाच्या सत्रात वही लागते, कारण पुढं चार वर्षं तुमच्या डोक्यावर बसणारे नियम तिथं तासाभरात सांगून मोकळे होतात. सांगणारा माणूस बोलण्यात पटाईत नसतो, स्लाइड वाचत जातो. म्हणून तुम्ही विचारायचं. कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाला संलग्न, म्हणजे पेपर कोण काढतं? अंतर्गत गुण कशाकशाचे, आणि सबमिशन उशिरा दिलं तर किती कापतात? हजेरी 75 टक्के म्हणजे प्रत्येक विषयात की मिळून? आजारी पडलो तर दाखला किती दिवसांत आणि कुणाकडे द्यायचा? दुसऱ्या वर्षाला जायला किती विषय राहिलेले चालतात? पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' आलं तरी आताच आलेलं बरं. त्या एका आशेवर वर्षभर नावडती शाखा ओढणारी पोरं मी पाहिलीत.

चारशे जणांत हात वर करायची भीती वाटते, माहीत आहे. सत्र संपलं की स्टेजजवळ जाऊन विचारा. तिथं कायम सात-आठ जण उभे असतात, आणि त्यांतल्या कुणीतरी तुमचाच प्रश्न विचारलेला असतो.

वीस जणांचा गट

एआयसीटीईच्या आराखड्यात साधारण वीस पोरांमागे एक शिक्षक मार्गदर्शक असतो. मेंटॉर म्हणतात. माझ्या मते अख्ख्या इंडक्शनमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि पोरं सगळ्यात जास्त दांडी मारतात तीही इथंच. मेंटॉरची केबिन कोणत्या मजल्यावर, ते कधी सापडतात, हे पाय नेऊन बघून या. पुढं तुमच्या रजेच्या अर्जावर, घरी काही झालं आणि परीक्षा बुडली तर त्या पत्रावर त्यांची सही लागेल. तोंड ओळखीचं असलेल्या पोराची सही दोन मिनिटांत होते.

गटात पहिल्या दिवशी ओळख करून द्यावी लागते. मराठी माध्यमाच्या पोरांचा घसा इथं कोरडा पडतो. "गुड मॉर्निंग, मायसेल्फ अमुक अमुक," आणि मग शांतता. 'मायसेल्फ'वर मागचे हसतात, त्यांना हसू द्या. रात्री तीन वाक्यं तयार करा: नाव, गाव, आणि तुम्हाला येणारी एक गोष्ट. 'माय हॉबीज आर रीडिंग अँड क्रिकेट' नको, ते वीसपैकी पंधरा जण सांगतात. आटपाडीकडचा एक मुलगा उभा राहिला, इंग्रजी दुसऱ्याच वाक्याला संपलं, तेव्हा मराठीतच म्हणाला, "डाळिंबाला तेल्या रोग पडला का नाही, पान बघून सांगतो." सगळे हसले. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'डाळिंब' पडलं होतं आणि रात्री मेसमध्ये तो सहा जणांच्या टेबलावर बसला होता. चार वर्षांनी निरोप समारंभात त्याला खऱ्या नावाने हाक मारल्यावर कुणाला कळेना हा कोण.

शहरातून आलेल्यांनाही एक सांगते. तुम्ही पहिल्याच दिवशी आपल्या जुन्या क्लासच्या चौघांना शोधता आणि त्यांच्याच शेजारी बसता. पाच दिवस बसू नका. नंतर बसायला चार वर्षं आहेत.

सीनियर

बरेचसे सीनियर चांगले असतात. टी-शर्ट घालून रांगा लावणारे, लॅब दाखवणारे तेच. त्यांच्याकडून जुनी ड्रॉइंगची साधनं, अॅप्रन, पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात. पहिल्याच दिवशी बाहेरच्या दुकानातून नवा सेट घेऊ नका. कोणता क्लब खरंच काम करतो आणि कोणता नुसता फोटो काढतो, तेही त्यांना विचारा. दोन क्लबांत नाव द्या, सहांत नको.

पण रात्री रूमवर बोलावणं, गाणं म्हण, मान खाली घालून उभा राहा, हे 'ओळख' या नावाखाली चालत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढल्यावर पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522 दिवसरात्र चालू असते. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि पालकांनी ऑनलाइन हमीपत्र भरता, ते 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत भरू नका. एकदा वाचा, रॅगिंग कशाला म्हणतात ते त्यात लिहिलंय. तक्रार समितीतल्या शिक्षकांची नावं नोटीस बोर्डावर लावलेली असतात. फोटो काढून ठेवा.

खिडकीची कामं

बोनाफाइड, म्हणजे तुम्ही इथं शिकताय याचा दाखला, एकदम तीन-चार मागून घ्या. एक शैक्षणिक कर्जासाठी बँकेला, एक एसटीच्या पासाला, एक शिष्यवृत्तीला, एक हाताशी. एसटीचा विद्यार्थी पास 66.67 टक्के सवलतीत मिळतो, म्हणजे तिकिटाचा एक तृतीयांशच पैसा; रोज तासगावहून ये-जा करणाऱ्याला महिन्याला चांगला फरक पडतो. ओळखपत्राचा फोटो पहिल्या दोन दिवसांत काढतात. तेवढे दोन दिवस केस कोरडे ठेवा. तोच फोटो चार वर्षं गळ्यात लटकतो.

उशिरा आलात तर

याबद्दल कुणी बोलत नाही. कॅपच्या शेवटच्या फेरीत किंवा संस्था पातळीवरच्या जागेवर प्रवेश मिळालेली पोरं येतात तोवर इंडक्शन उरकलेलं असतं. बाकीच्यांचे ग्रुप झालेले, जागा ठरलेल्या. अशा पोराला वाटतं, आता कुणाला विचारायचं? तर तुमची मुभा तुम्ही ज्या दिवशी आलात त्या दिवसापासून मोजा. पहिल्या सकाळी तीन ठिकाणी जा. स्टुडंट सेक्शनमध्ये जाऊन रोल नंबर, बॅच आणि मेंटॉरचं नाव घ्या. मग मेंटॉरकडे जाऊन "मी काल आलो, माझं इंडक्शन राहिलंय" एवढं म्हणा. मग वर्गप्रतिनिधीला गाठून व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये नाव घाला, कारण वेळापत्रकातले बदल हल्ली तिथंच येतात. तारीखवार हजेरी कधीपासून धरणार, ते लेखी विचारून घ्या.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. आमच्याकडे त्यांच्यासाठी इंडक्शनच नसायचं, आणि सगळे समजायचे की यांना सगळं ठाऊक असणार. तुम्ही प्रथम वर्षाच्या परीक्षा विभागाच्या सत्रात मागच्या बाकावर जाऊन बसा. कुणी उठवत नाही. उठवलं तर माझं नाव सांगा म्हटलं असतं, पण मी आता तिथं नाही.

आमची खिडकी दीड ते दोन जेवणासाठी बंद असायची. पोरं तरीही टकटक करायची आणि मी भाकरीचा हात धुऊन उघडायची. आता तिथं एक नवा मुलगा बसतो. परवा भेटला तेव्हा विचारत होता, "मॅडम, बोनाफाइडचं रजिस्टर कोणत्या कपाटात असायचं?" तुमच्याइतकाच नवा आहे. त्याला जेवू द्या, दोन वाजता जा.