मिथेनॉल फ्युएल सेलसाठी पीव्हीए-सिलिका पडदा

१० ग्रॅम पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, ९९ टक्के हायड्रोलाइज्ड) थंड डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात, ९० मिलिलिटरमध्ये, ढवळत टाका आणि मगच ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. गरम पाण्यात थेट टाकल्यास गुठळ्या होतात, त्या सहजी विरघळत नाहीत. द्रावण पारदर्शक झाले की खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आता सल्फोसक्सिनिक आम्लाचे ७० टक्क्यांचे द्रावण २.९ ग्रॅम घाला. हेच आम्ल पीव्हीएच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडते आणि प्रोटॉन वाहणारे सल्फोनिक गटही देते. कमी पडले तर पडदा फुगतो, जास्त झाले तर ठिसूळ होतो. टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, सिलिका देणारे द्रव रसायन) १.७ ग्रॅम थेंबथेंब सोडा, जोरात ढवळत राहा. त्यातून सुमारे ०.५ ग्रॅम सिलिका तयार होते. पडदा दुधाळ दिसला तर सिलिकाचे कण एकत्र आले, असे समजा.

बुडबुडे पूर्ण निघेपर्यंत थांबा. इथे घाई अजिबात नको: पडद्याने प्रोटॉन जाऊ द्यायचे आणि मिथेनॉल अडवायचे असते, आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे मिथेनॉलला मोकळी वाट. समतल काचेवर ओता, सावकाश वाळवा, मग १२० अंशांवर तासभर ठेवा.

वाहकता (प्रोटॉन किती सहज जातात) मोजून थांबू नका. वाहकता भागिले मिथेनॉल-पारगम्यता (मिथेनॉल किती सहज झिरपते), या गुणोत्तरावरच दोन पडद्यांची तुलना करा.