मुलाच्या चेहऱ्याच्या फोटोवरून दुर्मीळ आजाराचा माग कसा काढावा

मूल वाढीत मागे आहे, चेहरेपट्टी वेगळी वाटते, पण आजाराचं नाव सुचत नाही. अशा वेळी मी फेसटूजीन हे चेहरा ताडून पाहणारं अ‍ॅप उघडते. बालरोग किंवा जनुकशास्त्र पाहणाऱ्या डॉक्टरांना ते मोफत मिळतं. फोटोतला चेहरा शेकडो सिंड्रोमच्या (एकत्र दिसणाऱ्या लक्षणांच्या आजारांच्या) ठेवणीशी ताडून ते जवळची नावं क्रमाने देतं. त्यामागच्या डीपगेस्टाल्ट पद्धतीचा अभ्यास 2019 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. 17 हजारांहून जास्त फोटोंवर शिकवल्यावर 502 फोटोंच्या चाचणीत खरं निदान 91 टक्के वेळा पहिल्या दहा नावांत होतं. पहिल्या दहांत, पहिल्या क्रमांकावर नव्हे. शिवाय ती मुलं निदान झालेलीच होती. निरोगी मुलाचा फोटो दिला तरी यादी येऊ शकते, म्हणून फोटो आधी आणि तपासणी नंतर असं कधीही करू नका.

आईवडिलांची लेखी संमती घ्या. फोटो कुठे चढवणार, कशासाठी, हे त्यांच्या भाषेत सांगा. काम झालं की आपल्या फोनमधून तो त्यांच्यासमोरच काढून टाका.

आता फोटो. निम्म्या चुका इथेच होतात. कानटोपी काढा, कानांवरचे केस मागे घ्या. काजळ आणि गालावरची तीट खोबरेल तेलाच्या बोळ्याने हलकेच पुसा. काजळाच्या जाड रेघेत पापणीची कड हरवते, आणि काबुकी सिंड्रोममध्ये खालच्या पापणीचा बाहेरचा एक तृतीयांश भाग किंचित उलटलेला असतो, तोच आपल्याला पाहायचा असतो. आजीला तीट पुसणं रुचत नाही. फोटो झाल्यावर तिच्याच हाताने पुन्हा लावायला सांगा, ती लगेच तयार होते.

बाळाला झोपवून फोटो काढू नका, गाल बाजूला ओघळतात. आईच्या मांडीवर खिडकीकडे तोंड करून ताठ बसवा. फोन बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि चार-पाच फूट मागे सरकून थोडं झूम करा. फार जवळून काढलं तर नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. रडणं, हसणं थांबू द्या, ओठ मिटलेले हवेत. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक.

फोनचा ब्यूटी मोड आठवणीने बंद करा. नाक आणि वरच्या ओठामधली खाच तो गुळगुळीत करतो. कॉर्नेलिया डी लांग सिंड्रोममध्ये ही जागा मुळातच लांब आणि सपाट असते, म्हणजे ज्या मुलात ते लक्षण नाही त्याच्यातही ते उगवतं.

फोटोबरोबर डोक्याचा घेर, उंची, वजन आणि तपासणीत सापडलेली लक्षणं भरा. मग आईवडिलांचे चेहरे नीट पाहा. जुळलेल्या भुवया बापाच्या आणि काकाच्याही असतील, तर त्यांच्या जोरावर वर आलेल्या नावाला मी फारसं वजन देत नाही. ‘अगदी आजोबांवर गेलाय’ असं कुणी म्हणालं की आजोबांचा फोटो मागा.

यंत्र कुणाचे चेहरे पाहून शिकलं, यावरही बरंच अवलंबून असतं. 2017 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात डाऊन सिंड्रोम त्याने बेल्जियमच्या सुमारे 80 टक्के मुलांत ओळखला, काँगोच्या मुलांत मात्र 37 टक्क्यांच्या आसपास. आपल्या मुलांच्या बाबतीतही यादीवर डोळे झाकून विसंबू नका.

यादीतल्या प्रत्येक नावासाठी एक प्रश्न विचारा: हे खरं असेल तर आणखी काय सापडायला हवं? विल्यम्स सिंड्रोम आला तर टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून महाधमनी अरुंद आहे का ते पाहा, रक्तातलं कॅल्शियम तपासा. नूनन सिंड्रोम आला तर फुप्फुसाच्या धमनीची झडप अरुंद आहे का ते पाहा. चाचणीही त्यानुसार निवडा. विल्यम्समध्ये सातव्या गुणसूत्राचा अगदी छोटा तुकडा गळालेला असतो. साध्या कॅरिओटाइपमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहण्याच्या चाचणीत) तो सहसा दिसत नाही, त्यामुळे तो रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून फाईल बंद करू नका. गुणसूत्रातले असे छोटे गळालेले तुकडे शोधणारी मायक्रोअ‍ॅरे किंवा फिश (FISH) चाचणी करून घ्या. काबुकी आणि नूननसाठी जनुकांची क्रमवाचणी (सिक्वेन्सिंग) लागते. आईवडिलांना नाव सांगायचं ते चाचणीनंतरच. त्याआधी मी ‘काही शक्यता तपासतोय’ एवढंच म्हणते.

जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडून, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडून, मुलाला पुढे पाठवता येतं. मुंबईचं केईएम हे दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. यादीत काहीच जुळलं नाही, तरी मूल मोठं झाल्यावर पुन्हा फोटो काढा. अनेक सिंड्रोमची ठेवण पहिल्या वर्षात पुसट असते आणि वयाबरोबर स्पष्ट होत जाते.