पोर्टफोलिओ वेबसाइट: पान दोन तासांचं, पत्ता तीन दिवसांचा

गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग करताना मी स्वतःची कामं दाखवणारी पहिली वेबसाइट, म्हणजे पोर्टफोलिओ, केली. त्यानंतर धाकट्या बहिणीची, तिच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांची, आल्तिनोच्या कला महाविद्यालयातल्या दोघांची, अशा वीसेक तरी साइट माझ्या हाताखालून गेल्या. येणारा प्रत्येक जण विचारतो, "कुठलं टेम्प्लेट घेऊ?" आणि अडकतो भलतीकडेच.

व्हिडिओवाले सांगतात, आधी रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) शिका, मग होस्टिंग (साइट ठेवायची जागा) विकत घ्या, मग वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) चढवा. यातलं काहीही लागत नाही. चार कामं दाखवायला एचटीएमएलची (पानाचा मजकूर) एक फाइल, सीएसएसची (रंगरूप) एक आणि फोटोंचा एक फोल्डर पुरतो. रिॲक्ट येत असेल तर ते प्रोजेक्टमध्ये दाखवा.

आधी मजकूर

तीन-चारच कामं घ्या. हवामान ॲप आणि टू-डू यादी नको, ती सगळ्यांकडे असते. बहिणीने चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला, काय काय बांधतात त्याचं एक पान केलं होतं. आजीला विचारून एकेका रानफळाचं नाव, फोटो, ते कधी मिळतं ते, आणि वर शोधायची सोय. कोड म्हणाल तर साधाच. पण वेर्ण्याच्या एका कंपनीत मुलाखतीला बसलेल्या बाई पाव तास त्यावरच बोलत राहिल्या, कारण त्यांच्याही घरी माटोळी बांधतात.

प्रत्येक कामाखाली चार ओळी लिहा: अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केलंत, काय जमलं नाही. गटात केलं असेल तर आपला वाटा नेमका सांगा. आणि ते कौशल्यांचे टक्क्यांचे पट्टे काढून टाका. 'जावा ८५ टक्के' म्हणजे उरलेली १५ टक्के जावा कुठली, असं मुलाखतीत कुणी विचारलं तर काय सांगाल?

मराठीत लिहिणार असाल तर पानाच्या वरच्या भागात यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं ब्राउझरला नीट वाचता यावीत म्हणून) नोंदवा आणि मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट जोडा. नाहीतर कुणाच्या तरी फोनवर जोडाक्षरं विचित्र दिसणारच.

पान चढवणं

गिटहबवर (कोड ठेवायची साइट) खातं उघडा. आपलं युजरनेम आणि पुढे 'डॉट गिटहब डॉट आयओ' अशा नावाची पब्लिक रेपॉझिटरी (सगळ्यांना दिसणारा प्रोजेक्टचा फोल्डर) करा, त्यात 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' ठेवा. काही मिनिटांत साइट दिसते, तीही फुकट. फाइलींची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. विंडोजला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक कळत नाही, गिटहबच्या सर्व्हरला कळतो, म्हणून लॅपटॉपवर दिसणारा फोटो तिथे गायब होतो. फोनमधला चार एमबीचा फोटो तसाच टाकू नका, दोनशे केबीपर्यंत आणा. पावसाळ्यात वीज गेलेली असताना वाळपईकडच्या एखाद्या घरात मोबाइल डेटावर साइट किती वेळात उघडते, ती खरी परीक्षा.

स्वतःचं नाव जोडणं

फुकट पत्त्यावर थांबलात तरी काही बिघडत नाही. पण स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, हवंच असेल तर इथून पुढे सावकाश वाचा. माझे तीन दिवस इथे गेले होते.

विकत घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. शंभर-दोनशेत मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षी कित्येक पट मागतं. बरोबर 'हे पण घ्या' म्हणून पुढे करतात ते होस्टिंग, सुरक्षा पॅक, बिल्डर, सगळं सोडा.

मग क्रम. आधी गिटहबच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये पेजेस (गिटहबची साइट दाखवायची सोय) उघडून डोमेन पडताळून घ्या. ते एक टीएक्सटी रेकॉर्ड देतात, तो डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे हे नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदींमध्ये, टाकायचा. मग रेपॉझिटरीच्या सेटिंग्जमधल्या पेजेसमध्ये डोमेनचं नाव भरायचं. बाकीच्या डीएनएसला हात त्यानंतरच. उलट केलंत तर मधल्या वेळात तुमचं डोमेन दुसरा कुणी स्वतःच्या रेपॉझिटरीला जोडू शकतो.

आता डोमेन विकणाऱ्याच्या साइटवरचं डीएनएसचं पान. मूळ नावासाठी चार ए रेकॉर्ड (नावाला सर्व्हरचा आयपी पत्ता जोडणाऱ्या नोंदी) लागतात: १८५.१९९.१०८.१५३, आणि बाकी आकडे तेच ठेवून १०८ च्या जागी १०९, ११० आणि १११. (चौकटीत आकडे अर्थातच इंग्रजी.) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी एक सीनेम रेकॉर्ड (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद), त्याची किंमत 'युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ'. पुढे एचटीटीपीएस नाही, मागे तिरकी रेघ नाही, रेपॉझिटरीचं नाव नाही.

हे सगळं मी बरोबर भरलं होतं. तरीही साइट एकदा उघडायची आणि रिफ्रेश केलं की 'हे डोमेन विकत घ्या' अशी जाहिरात यायची. पुन्हा रिफ्रेश केलं की परत माझं पान. मला वाटलं डीएनएस पसरायला वेळ लागतोय, सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. वाट बघत बसलो. तिसऱ्या दिवशी डीएनएसचं पान शेवटपर्यंत खाली सरकवलं, तर डोमेन विकणाऱ्याने आपल्या जाहिरातीच्या पानाचा ए रेकॉर्ड आधीच टाकून ठेवलेला. माझे चार आणि त्याचा पाचवा, ब्राउझर कधी इकडे जाई, कधी तिकडे. तो एक काढला आणि तासाभरात साइट ताळ्यावर आली.

म्हणून 'थांबा, चोवीस तास लागतात' हा सल्ला ऐकून गप्प बसू नका. वेळ लागतो हे खरं, पण आधी जुने रेकॉर्ड तपासा. ए बरोबरच एएएए नावाचे रेकॉर्डही बघा. ते आयपीव्ही६ साठी, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांसाठी, असतात आणि मोबाइल कंपन्या आयपीव्ही६ भरपूर वापरतात. त्यामुळे घरच्या वायफायवर तुमचं पान आणि फोनच्या डेटावर जाहिरात, असा खेळ होतो. तपासताना फोनचं वायफाय बंद करून एकदा बघाच. एमएक्स रेकॉर्डना मात्र हात लावू नका, ते ईमेलचे असतात.

दुसरी चूक बहिणीच्या मैत्रिणीने केली. डीएनएसच्या पानावरच्या 'होस्ट' या चौकटीत तिने पूर्ण पत्ता लिहिला. बरेच पॅनेल डोमेनचं नाव आपणहून मागे जोडतात, त्यामुळे तिचा पत्ता दोनदा आला आणि ती गिटहबला शिव्या देत बसली. तिथे नुसतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लिहायचं, मूळ नावासाठी '@'.

शेवटी 'एन्फोर्स एचटीटीपीएस'ची खूण. ती सुरुवातीला फिकी दिसते, प्रमाणपत्र तयार व्हायला एक दिवसापर्यंत लागू शकतो. इथे मात्र खरंच थांबायचं. दिवस उलटूनही फिकीच राहिली तर पेजेसमधलं डोमेन काढून पुन्हा भरा.

आणखी एक. डोमेन जोडलं की रेपॉझिटरीत 'सीनेम' नावाची छोटी फाइल तयार होते. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी लॅपटॉपवरचा अख्खा फोल्डर नव्याने चढवला, त्यात ती फाइल नव्हती. सकाळी कदंबमधून पणजीला जाताना फोनवर साइट उघडली, तर चारशे चार, म्हणजे पानच सापडेना! बसमध्ये उभ्या उभ्या ती फाइल परत केली. तुम्ही ती आधीच लॅपटॉपवर उतरवून घ्या.

पुढे सांभाळणं

दर सेमिस्टरला एक नवं काम घाला, एक जुनं काढा, सगळे दुवे एकदा दाबून बघा. काम एवढंच.

पण डोमेनचं खातं कॉलेजच्या ईमेलवर कधीही उघडू नका. मी उघडलं होतं. पदवी मिळाली, काही महिन्यांनी ईमेल बंद झाला. नूतनीकरणाच्या सूचना तिथेच जात राहिल्या आणि खात्यात शिरायला ओटीपीही तिथेच. विकणाऱ्याच्या मदतकेंद्राने ओळखपत्रं मागवली, मग पुन्हा मागवली, तोवर मुदत संपली. आता त्या नावावर जुगाराची जाहिरात चालते आणि माझ्या जुन्या रेझ्युमेंवर तोच पत्ता छापलेला आहे. ऑटो-रिन्यूवर विसंबू नका, कार्ड बदललं की पैसे कटत नाहीत. फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख टाका. 'चवथीच्या सुमारास' अशी खूणगाठ बहिणीने बांधली होती. त्या वर्षी अधिक महिना आला.