स्का, सोल, पंकच्या रेकॉर्ड्स घेताना-देताना या चुका टाळा

सोलापुरात जुन्या रेकॉर्ड्स शोधायला निघालं की हाती लागतात त्या हिंदी सिनेमाच्या, नाट्यसंगीताच्या, भजनांच्या. जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याच्या गठ्ठ्यात जमैकाचं स्का, डेट्रॉइटचं सोल किंवा लंडनचं पंक असलं परदेशी संगीत सापडणं जवळपास अशक्यच. ते बाहेरून मागवावं लागतं, नाहीतर अदलाबदलीत मिळवावं लागतं. म्हणजे न ऐकता, न हाताळता, फोटो बघून व्यवहार करायचा. इथे घाई केली की पैसे गेलेच समजा.

गाणं बघून पैसे देणं

सगळ्यात महागाची चूक हीच. आपण गाणं विकत घेत नसतो, त्या गाण्याची एक विशिष्ट छपाई विकत घेत असतो. मोटाउन कंपनीने १९६५ मध्ये आपल्या ‘सोल’ या लेबलसाठी (म्हणजे छापासाठी) गायक फ्रँक विल्सनचं एक सिंगल, म्हणजे बाजूला एकेक गाणं असलेली छोटी तबकडी, तयार केलं आणि बाजारात येण्याआधीच ते गुंडाळलं. बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. तेच गाणं १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये टॅम्ला मोटाउनने रीतसर काढलं आणि त्या छपाईची किंमत पहिलीच्या आसपासही जात नाही. गायक तोच, सूर तोच, तरी दोन तबकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक.

मग ओळखायचं कसं? गाणं संपल्यावर मधल्या कागदी लेबलपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा राहतो, तिथे. खोलीतला दिवा मालवा, मोबाइलचा टॉर्च तबकडीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि तबकडी सावकाश फिरवा. प्रकाश आडवा पडला की कोरलेली अक्षरं उठून दिसतात. मॅट्रिक्स नंबर (छपाईच्या साच्याचा क्रमांक), त्याच्या शेवटी ‘ए१’, ‘बी२’ असं काही, कारखान्याचा ठसा आणि कधी ज्याने लॅकरच्या मूळ चकतीवर आवाज कोरला त्या माणसाची सही. ब्रिटिश पंकच्या कितीतरी तबकड्यांवर ‘पोर्की’ असं खरडलेलं दिसतं. ती जॉर्ज पेकम या कटिंग इंजिनिअरची खूण. नंबर ठशाने उमटलाय की हाताने खरडलाय हेही टिपून ठेवा. मूळ प्रतीवर ठसा असेल आणि तुमच्या प्रतीवर हाताचं अक्षर, तर तिथेच थांबा.

विकणाऱ्याने या पट्ट्याचा फोटो दिला नसेल तर मागा. देत नसेल तर सोडून द्या. यात संकोच करण्यासारखं काहीच नाही. जाणकार विक्रेता न मागता तो फोटो देतो.

कव्हरही वाचा. बझकॉक्स या पंक बँडने जानेवारी १९७७ मध्ये न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्या लेबलवर आपली पहिली ईपी (चार गाण्यांची छोटी तबकडी) काढली. १९७९ मध्ये ती पुन्हा छापली तेव्हा कव्हरवर त्यांचा पहिला गायक हॉवर्ड डिव्होटो याचं नाव वेगळं टाकलं. तेवढ्या एका ओळीवरून दोन वर्षांचा फरक कळतो. सेक्स पिस्टल्स या पंक बँडची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. ए अँड एम कंपनीने मार्च १९७७ मध्ये त्यांच्याशी करार केला, आठवडाभरात मोडला आणि छापून तयार असलेल्या सिंगलचा बहुतेक साठा नष्ट केला. बचावलेल्या प्रतींना अफाट भाव आहे, त्यामुळे नकलाही भरपूर. असली प्रत ‘स्वस्तात’ मिळत असेल तर ती असली नाही, एवढं धरून चाला.

स्का काढणाऱ्या टू टोनचंही पाहा. संगीतकार जेरी डॅमर्सने १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीत हे लेबल सुरू केलं. पहिल्या सिंगलच्या सुरुवातीच्या प्रती साध्या पांढऱ्या पाकिटात, हाताने शिक्का मारून विकल्या गेल्या. नंतर काळा सूट घातलेला माणूस आणि बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेलं कव्हर आलं. शिक्का कुणीही बनवून घेऊ शकतो, म्हणून फक्त पाकिटाच्या जोरावर जास्त पैसे मोजू नका. आतली तबकडी पहिल्या छपाईची आहे ना, ते आधी बघा.

जमैकाच्या रेकॉर्डला इंग्लंडची फूटपट्टी लावणं

साठच्या दशकातलं स्का ऐकणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. किंग्स्टनमधल्या छपाया ओबडधोबड असतात. क्लेमंट डॉडचा स्टुडिओ वन असो की ड्यूक रीडचं ट्रेझर आयल, कोऱ्या लेबलच्या प्रती, चुकीची नावं, मधोमध न पडलेलं भोक, पहिल्या फेरीपासून खरखर, हे सगळं चालायचंच. त्यातच जुन्या साच्यांवरून पुढे अनेक वर्षं प्रती छापल्या गेल्या, त्यामुळे नुसत्या नंबरवरून साल ठरवता येत नाही. लेबलचा रंग, कागद, छपाईची शाई, पत्ता असं सगळं ताडून बघावं लागतं.

इथे नवखा माणूस दोन टोकांना जातो. एक तर खरखर ऐकून ‘फसवलं’ म्हणून विक्रेत्याशी भांडतो, नाहीतर ‘जमैकाचं आहे, असंच असतं’ म्हणत खरोखर झिजलेली तबकडी गळ्यात बांधून घेतो. छपाईतली खरखर साधारण एकसारखी, मागे मागे चालते. झिजेची खरखर आवाज चढतो तिथे, ट्रम्पेटच्या आणि गायकाच्या उंच सुरांत, फाटल्यासारखी येते. म्हणून व्हिडिओ मागवताना सुरुवातीचा नको, शेवटच्या अर्ध्या मिनिटाचा मागवा. तबकडीवरची आवाजाची खाच मध्याकडे जाते तसा झिजेचा परिणाम जास्त जाणवतो.

मधलं भोक सरकलेलं असेल तर सूर डोलतो. जमैकन आणि अमेरिकन सिंगलचं भोक मोठं असतं. त्यात बसवायचा अॅडॅप्टर काढून ठेवा, तबकडी मोकळी टेकवा, सुईचा दांडा आत-बाहेर हलताना दिसतो त्या अंदाजाने बोटाने किंचित सरकवत न्या. दोन-चार प्रयत्नांत जमतं.

स्टायरीन आणि व्हिनाइल एकच समजणं

सोलचे अमेरिकन सिंगल जमवणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि याबद्दल आपल्याकडे बोललं फार कमी जातं. साठच्या दशकातले कितीतरी अमेरिकन सिंगल नेहमीच्या व्हिनाइल प्लॅस्टिकचे नसून पॉलिस्टायरीनचे, थोडक्यात स्टायरीनचे, आहेत. ते साच्यात ओतून बनवत. हातात घेतल्यावर ताठ लागतात, नखाने टिचकी मारली तर ‘टक्’ असा कोरडा, वरचा आवाज येतो. लेबल बहुधा मागाहून चिकटवलेलं, म्हणून कडेने सुटतं. व्हिनाइलमध्ये लेबल छपाईतच दाबलं जातं, ते असं उचकटत नाही.

स्टायरीन सुईखाली लवकर झिजतं. गाण्याची सुरुवात शोधायला तबकडी उलटी-सुलटी फिरवण्याची डीजेची सवय असेल, तर पहिल्या काही सेकंदांत कायमची ‘खर्रर्र’ बसते. अल्कोहोल असलेल्या द्रवाने ते पुसू नका. आणि कपाटात डांबर गोळ्या टाकत असाल तर त्या आजच काढा. कसर आणि झुरळं कव्हर खातात म्हणून आपल्याकडे सर्रास टाकतात, पण त्यांची वाफ स्टायरीनसारख्या प्लॅस्टिकला मऊ करते.

हीच माहिती नकली माल ओळखायलाही कामाला येते. इंग्लंडच्या उत्तरेत विगन कॅसिनोसारख्या नाचाच्या क्लबांनी सत्तरच्या दशकात विस्मृतीत गेलेली सोल गाणी उचलून धरली, मागणी वाढली आणि चोरट्या छपायाही आल्या. मूळ सिंगल फक्त स्टायरीनवर निघालं असल्याची नोंद असेल आणि समोरची प्रत व्हिनाइलची असेल, तर पुढची चर्चा करायची गरजच उरत नाही.

दर्जाची अक्षरं बघून विश्वास ठेवणं

विक्रेते रेकॉर्डची स्थिती ठरलेल्या अक्षरांत लिहितात. अमेरिकेत ‘निअर मिंट’ (जवळजवळ नवी), त्याखाली ‘व्हीजी प्लस’, त्याखाली ‘व्हीजी’ (व्हेरी गुड). ब्रिटनमध्ये ‘मिंट’, मग ‘ईएक्स’ (एक्सलंट), मग ‘व्हीजी’. ब्रिटिश ‘ईएक्स’ साधारण अमेरिकन ‘व्हीजी प्लस’च्या जवळ. आणि ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे. ती चांगलीच वापरलेली, खरखरणारी रेकॉर्ड असते. हे न समजता मागवलं की वाद ठरलेला.

नुसतं बघून दर्जा दिलाय की वाजवून, हे विचारा. चकचकीत तबकडी झिजलेली असू शकते आणि बारीक चरे असलेली स्वच्छ वाजू शकते. आपण देतानाही हाच नियम. सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाच्या, विशेषतः आर. डी. बर्मनच्या एलपींना परदेशात चांगली मागणी आहे. सोलापूरच्या माणसाच्या हातातलं खरं चलन तेच, त्याच्या बदल्यात सोल आणि पंक येऊ शकतं. पण आपल्याकडच्या बहुतेक प्रती लग्नकार्यात आणि गणेशोत्सवात वाजून वाजून थकलेल्या असतात. भंगारवाला म्हणणारच, ‘चालू हाय की साहेब, घ्या की.’ चालू असणं वेगळं आणि ‘व्हीजी प्लस’ असणं वेगळं. आपला दर्जा एक पायरी खालीच लिहा. समोरच्याला अपेक्षेपेक्षा चांगलं मिळालं की तो पुढच्या वेळी चांगला माल आधी तुम्हाला विचारतो.

भाव ठरवताना डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या वेबसाइटवर मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. कुणीही काहीही मागू शकतो. त्यात टपाल, सीमाशुल्क आणि आयजीएसटी मिळवा. कर टपालखर्च धरून लागतो. ‘पाकिटावर गिफ्ट लिही’ असं विक्रेत्याला सांगू नका. ते खोटं निवेदन आहे, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही लिहिलेल्या किमतीचीच मिळणार.

सोलापूरचा उन्हाळा विसरणं

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या घरात, माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात काय होत असेल याचा विचार करा. रेकॉर्ड्स घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून थोड्या वर, पूर्ण उभ्या ठेवा. तिरक्या ठेवल्या तर वाकतात, आडव्या रचल्या तर खालच्या दबतात. उभ्या केलेल्या गाडीत तर तासभरही नको. नवी पेठेत चहाला थांबलात तरी पिशवी बरोबर घ्या.

वाकलेली तबकडी दोन काचांत दाबून उन्हात ठेवायचा उपाय बरेच जण सांगतात. करू नका. सपाट होईलही, पण खाचांचा आवाज जातो. थोडी वाकलेली तबकडी सुई न उडता वाजत असेल तर तशीच वाजवा.

धुळीचं म्हणाल तर पूर्व भागात, यंत्रमागांच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सुताचा बारीक तूस हवेत असतोच. टर्किश टॉवेल ही आपल्या गावाची शान, पण रेकॉर्ड पुसायला तो अजिबात नको, त्याचे धागे खाचेत अडकतात. मायक्रोफायबरचं कापड आणि कार्बन फायबरचा ब्रश घ्या. धुवायला बोअरचं पाणी वापरलं तर क्षाराचे पांढरे डाग राहतात. डिस्टिल्ड वॉटरच घ्या. व्हिनाइलला आयसोप्रोपाइल अल्कोहोलचं सौम्य मिश्रण चालतं. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते.

बाहेरचं प्लॅस्टिक कव्हर पीव्हीसीचं नको. उष्णतेत त्यातलं द्रव्य सुटतं आणि तबकडीवर धुरकट थर बसतो, जो धुऊनही जात नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथीनचं घ्या.

सुई उडाली की वर नाणं ठेवणं

नाण्याने सुई उडायची थांबते आणि खाच खरवडली जाते. आधी सुईवरचा तूस काढा. मग प्लेअर सपाट आहे का ते बघा. मग सुईवरचं वजन: आजच्या बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या भागाला) दीड ते दोन ग्रॅम पुरतात; नेमका आकडा त्यांच्या कागदावर असतो. छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच. एकाच ठिकाणी अडकत असेल तर चरा किंवा चिकटलेला कण. सगळ्याच रेकॉर्ड्सवर अडकत असेल तर दोष प्लेअरमध्ये. सूटकेससारख्या जुन्या प्लेअरच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार बराच जास्त असतो. त्यावर हिंदी ईपी वाजवा हवं तर, पण महागाचं स्टायरीन लावू नका.

पार्सल

तबकडी कव्हरमधून बाहेर काढा, साध्या आतल्या पाकिटात घालून कव्हरच्या मागे ठेवा. आत ठेवून पाठवली की धक्क्याने तिची कड कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठे, एकाच्या रेषा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही. कडेला बोटभर मोकळी जागा सोडा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत जमलं तर पाठवूच नका. समोरचा थांबायला तयार होतो, कारण सांगितलं की पटतं.

अदलाबदलीत दोघांनीही त्याच दिवशी विकलेल्या किमती बघून हिशेब मांडावा, लेबलभोवतीच्या पट्ट्याचे फोटो एकमेकांना द्यावेत आणि ज्याचे आधीचे व्यवहार कमी त्याने पार्सल आधी टाकावं. आलेलं पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. पेटी उन्हातून आली असेल तर खोलीत तीन-चार तास तशीच राहू द्या आणि मगच वाजवा. काही खटकलं तर त्याच दिवशी, फोटोसह, नेमक्या शब्दांत कळवा: ‘दुसऱ्या बाजूला दीड मिनिटावर सुई उडते’ असं. ‘माल खराब आहे’ एवढ्यावर कुणी पैसे परत देत नाही.