रेस दिली, गाडी विचार करत बसली

आयटीआयची दोन वर्षं करून मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गॅरेजला लागलो, तेव्हा ‘पिकअप नाही’ असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप क्लीनरच्या डब्याकडे जायचा. पहिल्याच वर्षी १.३ लिटरची एक टर्बो डिझेल आली. मालक म्हणाले, "रेस देतोय, पण गाडी जरा विचार करूनच निघते." गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर एरर कोड एकही नाही. मी एअर फिल्टर बदलला, ईजीआर व्हॉल्व्ह (इंजिनाचा थोडा धूर परत आत सोडणारी झडप) खरवडून काढला आणि तरीही जमेना म्हणून अख्खं अ‍ॅक्सिलरेटर पेडल नवीन टाकायला लावलं. चार दिवसांत गाडी परत दारात.

मिस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मला स्कॅनर घेऊन शेजारी बसवलं आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला गाडी घातली. "उशीर नेमका कुठं होतोय ते सांग. पायात, इंजिनात की चाकात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तसा विचारच मी केला नव्हता.

तर या धंद्यात नव्याने येणाऱ्याने आधी हे शिकावं. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात पेडलचा टक्का, थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) टक्का, आरपीएम आणि स्पीड एकाच ग्राफवर लावायचे. गाडी दुसऱ्याने चालवायची, आपण फक्त बघायचं. पेट्रोल गाडीत पेडलची रेघ वर गेली आणि थ्रॉटलची मागे रेंगाळली, तर थ्रॉटल बॉडी किंवा तिचं वायरिंग. दोन्ही रेघा वर गेल्या पण आरपीएम उठत नाही, तर हवा किंवा इंधन बघा. आरपीएम झटक्यात चढतो आणि स्पीड जागेवरच, म्हणजे क्लच घसरतोय; चौथ्या गिअरला चाळीसच्या स्पीडवर पेडल पूर्ण दाबलं की हे लगेच कळतं. आणखी एक. थ्रॉटल पेडलच्या किंचित मागे असणं हा दोष नाही. हल्लीच्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, थ्रॉटल मुद्दामच थोडं सावकाश उघडतो. शंका आली तर त्याच मॉडेलची चांगली गाडी शेजारी लावून ग्राफ ताडून बघावा. आणि टर्बो डिझेल तिसऱ्या गिअरला १२०० आरपीएमवर ओढत असेल, तर रिपेअर गाडीला नको, ड्रायव्हरला गिअर खाली टाकायला सांगा.

आमच्या त्या गाडीत पेडल झटक्यात वर जात होतं, आरपीएम मात्र रखडत होता. मिस्त्रींनी मॅप सेन्सरचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग लावायला सांगितलं. इंजिन बंद, चावी चालू असताना ते ९५ किलोपास्कल होतं. कोल्हापूरच्या उंचीवर हवेचा दाब साधारण तेवढाच, मुंबईत १०० च्या वर दिसेल. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. चढावर पूर्ण रेस दिली तर ईसीयूची मागणी २१०, मिळत होतं १४५. टर्बोने भरलेली हवा वाटेत कुठेतरी गळत होती. मागे काळा धूरही होता, कारण मोजलेली हवा बाहेर जाते आणि डिझेल मात्र तिच्या हिशेबाने पडतं.

गॅरेजला येऊन मी खाली घुसलो. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी पाइप वरून अगदी ठणठणीत. खालच्या बाजूला क्लॅम्पशेजारी ओलसर काळा पट्टा, तेलाच्या वाफेवर धूळ बसलेली. त्यावर अंगठा दाबला तर बोटभर चीर तोंडासारखी उघडली. गाडी उभी असताना ती मिटून जायची, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की उघडायची. मी नुसत्या आयडलवर कान लावून ऐकत होतो, मला काय ऐकू येणार!

पेट्रोल गाडीत बटरफ्लायवर, म्हणजे थ्रॉटलमधल्या फिरत्या चकतीवर, खरंच कार्बन बसतो, पण तिथेही हात आवरा. चावी चालू ठेवून बटरफ्लाय बोटाने ढकलू नका. मोटर अचानक फिरली तर बोट गेलं, शिवाय आतले गिअर मोडतात. क्लीनर फडक्यावर घ्या, थेट फवारा मारू नका. साफ केल्यावर आयडल वाढला म्हणून घाबरू नका, ईसीयूने कार्बनचा हिशेब धरलेला असतो. स्कॅनरने थ्रॉटल लर्निंग करून द्या, म्हणजे ईसीयू नवा हिशेब शिकतो. आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरला मात्र त्याचाच क्लीनर, कापूस अजिबात नाही.

सगळ्याच्या आधी पायाखाली बघा, हे मी उगाच सांगत नाही. एका गाडीत पेडल पूर्ण दाबूनही ७२ टक्केच दिसायचं. कारण मालकाने जाड मॅटवर दुसरी मॅट टाकली होती. बिल शून्य, चहा त्यांचा.

पेडलला पिकअप वाढवणारा डबा लावून घेणारेही येतात. तो फक्त पेडलचा सिग्नल फुगवतो, इंजिनाची ताकद आहे तेवढीच राहते. फाटलेल्या पाइपावर तो काय करणार?

माझ्या हट्टापायी काढलेलं ते जुनं पेडल अर्थातच चांगलं होतं. मिस्त्रींनी ते परत बसवून घेतलं आणि नवीन पेडल गॅरेजच्या खर्चात टाकून माझ्या हातात दिलं. आज ते माझ्या बाकावर आहे. नवीन पोरगं आलं की त्याला ५ व्होल्ट देऊन मीटर लावायला सांगतो. पेडलच्या सेन्सरमध्ये दोन ट्रॅक असतात; एका ट्रॅकचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं का, हे त्याचं त्याला सापडेपर्यंत मी चहा घेतो.