सुरी घेताना काय पाहून परत ठेवावी

दुकानात विक्रेता आधी दाखवतो ती चमक, नक्षी आणि रंग. भाजीच्या सुरीकडून मागणे मात्र दोनच असते: पाते धारेपाशी पातळ हवे आणि बोथट झाल्यावर पुन्हा धार लावता यायला हवी. याच्या आड येणारे काही दिसले, की सुरी खाली ठेवा.

१. धार बघा. दाते असलेली सुरी पाव आणि टोमॅटो छान कापते, पण घरातली मुख्य सुरी म्हणून ती नको. सायकलवर चाक घेऊन येणारा धारवाला ते दाते घासून सपाट करेल, बस. ‘धार लावण्याची गरजच नाही’ असे खोक्यावर छापलेले असेल, तर बहुतेकदा धार लावताच येत नाही असे समजा. सिरॅमिकच्या पात्याची धार खूप टिकते, मात्र हातातून पडले की टवका उडतो आणि साध्या दगडावर त्याला धार लागत नाही.

२. पाते डोळ्यांसमोर आडवे धरा. धार मुठीपासून टोकापर्यंत सरळ आहे ना? पाठ दोन मिलिमीटरच्या आसपास पुरते. खरी परीक्षा धारेच्या किंचित वर असते. तिथे पाते जाड असेल तर गाजर कापले जात नाही, कट्‌कन फुटते, आणि लाल भोपळ्यात सुरी रुतून बसते. जाड म्हणजे मजबूत, या समजुतीवर कितीतरी वाईट सुऱ्या खपतात.

३. मुठीलगतचा भाग तपासा. काही सुऱ्यांत, विशेषतः जुन्या जर्मन घडणीच्या महागड्या सुऱ्यांत, मुठीपाशी पोलादाचा जाड पट्टा थेट धारेपर्यंत उतरलेला असतो. दिसायला भारदस्त. पण धार लावताना पाते झिजते, पट्टा झिजत नाही. काही वर्षांनी पट्टा पाटावर टेकतो, त्याच्या पुढची धार अधांतरी राहते आणि पातीच्या कांद्याचे तुकडे माळेसारखे एकमेकांना जोडलेले निघतात. पट्टा धारेच्या वरच थांबलेली सुरी घ्या.

४. मूठ धरा. बोटांसाठी खळगे पाडलेली मूठ एकाच मापाच्या हाताला बसते, आणि सुरी तर घरातले सगळेच वापरतात. पाते आणि मूठ यांच्या सांध्यावरून नख फिरवा. फट लागली तर तिथे रस साचणार. मऊ रबरी लेप कालांतराने चिकट होतो.

५. नक्षी. खरे दमास्कस पाते, म्हणजे लाटांसारखी नक्षी असलेले, पोलादाचे थर एकमेकांत जोडून घडवतात. स्वस्तातली नक्षी बहुधा लेझरने उमटवलेली असते. दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखी असेल तर शंका घ्या. रंगीत लेप धार लावताना खरवडला जातो. बटाटा चिकटू नये म्हणून पाडलेल्या भोकांत बटाटाच अडकतो.

६. पोलाद वाचा. नुसते ‘स्टेनलेस स्टील’ म्हणजे काहीच नाही. ताटवाट्यांचे ३०४ क्रमांकाचे पोलादही स्टेनलेसच, पण ते तापवून कडक करता येत नाही. सुऱ्यांसाठीच्या १.४११६ क्रमांकाच्या जर्मन पोलादात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५५-५७ आकडा रोजच्या वापराला सोयीचा. ६० च्या वरच्या जपानी सुऱ्या अप्रतिम कापतात, पण हाडावर किंवा नारळावर चालवल्या तर धारेचे तुकडे उडतात.

सहा सुऱ्यांचा संच नकोच; त्यातल्या चार सुऱ्या ठेवायच्या लाकडी ठोकळ्यातच राहतात. तेवढ्या पैशांत बहुधा एक चांगली सुरी आणि १००० ग्रिटचा (मध्यम खरखरीचा) धारेचा दगड येतो.