दारू सुटावी म्हणून व्यायाम करताय? या चुका टाळा

करंजे पेठेतला एक पेशंट गेल्या वर्षी रोज पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याची वाट धरायचा. मंगळाई देवीचं दर्शन, खाली येऊन चहा, मग काम. चाळीस दिवसांत त्याने एकही खाडा केला नाही. एकेचाळिसाव्या संध्याकाळी मात्र पोवई नाक्यावर पाय थबकले आणि रात्री अकराला दोन मित्रांनी त्याला घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर मान खाली घालून बसला. म्हणाला, "ताई, गड चढून काय उपयोग झाला?"

उपयोग झाला होता. झोप सुधारली होती, दम वाढला होता, चेहऱ्यावरची सूज उतरली होती. चूक वेळेची होती. त्याची प्यायची वेळ संध्याकाळी सातची आणि व्यायामाची पहाटेची. ज्या तासाला तलफ येते, नेमका तोच तास मोकळा राहिला होता.

साताऱ्यात व्यसनमुक्तीच्या पेशंटांचा व्यायाम घेताना ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते, म्हणून ती आधी सांगितली. तलफ लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते आणि बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरायला लागते. दहा-पंधरा मिनिटं झपाझप चाललं तर ती तेवढ्यापुरती उतरते, हे सिगारेट ओढणाऱ्यांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे चालण्याचा परिणाम थोड्या वेळापुरता असतो. मग तो थोडा वेळ पहाटे का खर्च करायचा? पहिले तीन महिने तरी बूट संध्याकाळी घाला. कामावरून सुटल्यावर घरी न जाता थेट शाहू क्रीडा संकुल गाठा, नाहीतर ‘चार भिंती’ या स्मारकाकडे निघा. आणि ज्या रस्त्यावर आपलं दारूचं दुकान लागतं, तो रस्ता सोडा, मग दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल. तेवढं चालणंही हिशेबात धरा.

पहिल्याच आठवड्यात मैदानावर

ही चूक जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. घाम येतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, घर ओळखता येत नाही. घरच्यांना वाटतं, "आळस आलाय, जरा पळवून आणा, घाम निघाला की बरं वाटेल." अशा माणसाला पळवू नका. त्याला डॉक्टरची गरज असते. गोळ्या देऊन हा काळ सुखरूप पार करावा लागतो आणि बी-वन जीवनसत्त्व द्यावं लागतं. थरथर पूर्ण थांबेपर्यंत व्यायाम म्हणजे खोलीतल्या खोलीत चालणं, एवढंच.

यालाच जोडून एक जुना समज आहे, घामातून दारू निघून जाते असा. शरीरातली नव्वद टक्क्यांहून जास्त दारू यकृत आपल्या गतीने मोडतं. श्वास, लघवी आणि घाम मिळून थोडीशीच बाहेर पडते. रात्री पिऊन सकाळी पळणाऱ्याच्या अंगातलं पाणी मात्र आणखी कमी होतं आणि हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा धोका वाढतो.

पायाकडे न बघता चालणं

एकदा व्यायाम संपल्यावर एका गृहस्थांनी बूट काढला तर मोज्याचा अंगठा लाल झालेला. बुटात हरभऱ्याएवढा खडा होता. तासभर तो बोटाला घासत होता आणि त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. मीच आधी पाहिलं. बरीच वर्षं प्यायल्यावर पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या, मग जळजळ, मग बधिरपणा. त्यातून जखम चिघळते. म्हणून अनवाणी चालू नका, बूट घालण्याआधी उलटा करून झटका आणि रात्री घरच्या कुणाला तरी तळवे बघायला सांगा. तोल जात असेल तर गडाची वाट सध्या नको, सपाट जागा बरी.

उपाशीपोटीही निघू नका. पिण्यापायी जेवणाची आबाळ झालेली असते, यकृतात साखरेचा साठा उरलेला नसतो, आणि पाच मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी येते. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खिशात असू द्या.

तालमीतला खुराक आणि डॉक्टरची गोळी

हा भाग नीट वाचा, कारण याची कल्पना फार थोड्यांना असते. अनेकांना दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम ही गोळी सुरू असते. ती चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. पेशंट बाटलीपासून लांब राहतो. पण तालमीत कुणीतरी प्रेमाने सांगतं, "अशक्तपणा आलाय, द्राक्षासव घे, अश्वगंधारिष्ट घे." आसव आणि अरिष्ट आंबवून तयार होतात. त्यात मुळातच पाच-दहा टक्के अल्कोहोल तयार झालेलं असतं. काही खोकल्याच्या औषधांतही ते असतं. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो.

काही घरांत ही गोळी माणसाला न सांगता भाजीत मिसळून देतात. कृपा करून असं करू नका. त्याला माहीत नसतं, तो पितो, वर पळायलाही जातो, आणि नेमकं काय झालंय हे दवाखान्यात कुणालाच कळत नाही.

जोर-बैठका आणि वजनं यांबद्दलही बोलायला हवं. हा खाशाबा जाधवांचा जिल्हा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा पैलवान कराडजवळच्या गोळेश्वरचा. त्यामुळे इथे व्यायाम म्हटलं की आखाडा आठवतो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण यकृत कडक झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असू शकतात. श्वास कोंडून वजन उचललं की पोटातला दाब वाढतो आणि त्या शिरांवर ताण येतो. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पायाला सूज, काळी शौच यांतलं काहीही असेल तर डॉक्टरने तपासल्याशिवाय वजनाला हात लावू नका. उलटीत रक्त दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

"संशोधनाने सिद्ध झालंय" म्हणून औषध बंद

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो: व्यायामाने मेंदूतलं डोपामाइन वाढतं, म्हणून गोळ्यांची गरज नाही. याच्या मुळाशी खरा अभ्यास आहे. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी मेथाम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य सोडणाऱ्यांना आठ आठवडे व्यायाम दिला आणि मेंदूतले डोपामाइन ग्रहण करणारे बिंदू वाढल्याचं दाखवलं. मात्र त्यात व्यायाम करणारे आणि न करणारे मिळून माणसं होती १९. एवढ्याशा अभ्यासावरून आपल्या माणसाच्या गोळ्या थांबवायच्या का?

मोठे अभ्यास जास्त सावध आहेत. अमेरिकेत उत्तेजक द्रव्यांच्या ३०२ व्यसनाधीन माणसांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. एका गटाला जोरकस व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यशिक्षण. सगळ्यांचा हिशेब धरल्यावर दोन गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. जे खरोखर नियमित आले, त्यांचा वेगळा हिशेब मांडल्यावर थोडा फरक दिसला. स्वीडनमध्ये दारूचा त्रास असलेल्या १४० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: एक धावण्यासारखा व्यायाम, एक योग, एक फोनवर समुपदेशन. पिणं तिन्ही गटांत कमी झालं. तंबाखूबद्दल २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, २४ चाचण्या आणि सात हजारांवर माणसं होती. नेहमीच्या मदतीला व्यायाम जोडल्याने दीर्घकाळ सिगारेट सुटते, असा पुरावा त्यात मिळाला नाही.

हे वाचून व्यायाम सोडू नका. मनाची उदासी आणि झोप यांना त्याचा आधार मिळतो, हे मी रोज बघते. फक्त समुपदेशन, औषध आणि आधारगट यांच्या जागी त्याला बसवू नका. साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेच्या संस्थापकांपैकी एक डॉ. नरेंद्र दाभोलकर. ते स्वतः कबड्डीचे पुरस्कारप्राप्त खेळाडू होते. मैदानाची ताकद त्यांना पुरेपूर ठाऊक होती, तरीही त्या संस्थेत व्यसनावर उपचार होतात, नुसती मैदानावर पाठवणी होत नाही. मदत कुठे मिळेल हे माहीत नसेल तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती क्रमांकावर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर फोन करा.

बाकीच्या, थोडक्यात

तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला, म्हणजे घाटातल्या शर्यतीला, नाव घालू नका. यवतेश्वरचा घाट कुठे पळून जात नाही. चालताना एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, वेग तेवढाच ठेवा. तोंडात तंबाखूची चिमूट धरून पळू नका, नाडी आधीच वाढलेली असते. एखाद्या दिवशी पिणं झालं तर शिक्षा म्हणून शंभर बैठका मारू नका. त्या दिवशी समुपदेशकाला भेटा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच चाला. घरच्यांनी "गेलास का पळायला?" असा पहारा ठेवण्यापेक्षा सोबत चालावं.

करंजे पेठेतला तो पेशंट आता पावणेसातला कामावरून निघतो आणि पोवई नाका टाळून गोडोलीच्या तळ्याकडे येतो. बायको तिथे थांबलेली असते. दोघं अर्धा तास चालतात. गोळ्या चालू आहेत आणि दर गुरुवारी तो आधारगटाला बसतो. जुलैमध्ये पाऊस लागला तेव्हा मला भीती वाटली होती, कारण पावसाळ्यात "आज कुठे बाहेर जाणार" म्हणत बरेच जण घसरतात. त्याचा मलाच फोन आला. सोसायटीचा जिना सात ते साडेसात वर-खाली करतोय म्हणाला, आणि शेजारच्या आजी रोज विचारतात, लिफ्ट बिघडलीय का.